नानांची लाल वही

नानांनी जावईसुद्धा हॉकीच्या मापाने निवडला. मुलगा परीक्षेत पहिला आलेला, पण नाना म्हणाले, ही तर नुसती साखळी झाली. मग पाहायच्या कार्यक्रमात त्याला कढईतून काढलेलं भजं तसंच हातावर दिलं. तोंड भाजूनही पोरगं हसलं आणि लग्न ठरलं.

नव्वद सालाच्या आसपास जळगावात नाना आमच्या हॉकी क्लबचे चिटणीस होते. त्यांच्याकडे दोन वह्या: साखळी सामन्यांची निळी, बाद फेरीची लाल. निळीला ते फारशी किंमत देत नसत. "साखळीमा गोल कोनी बी करस. बाद फेरीमा करी दखाड," हे त्यांचं पालुपद. मी गोलकीपर. लाल वहीतलं माझं पान त्यांनी चारचौघांत कधी वाचलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

खेळ संपला की आम्ही निंबाखाली आडवे व्हायचो. धूळ हळूहळू खाली बसायची. रावेरकडून केळीचे ट्रक जायचे आणि नाना जुन्या खेळाडूंचे गोल वाचत राहायचे. ऐकता ऐकता डोळे मिटायचे. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

त्यांचा मुलगा वसंत आमचा सेंटर फॉरवर्ड. निळी वही त्याच्या गोलांनी भरलेली, लाल वहीत शून्य. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. वसंत चेंडूपाशी जाऊन उभाही राहिला होता. कप्तानाने नानांकडे पाहिलं. नानांनी लाल वही उघडली आणि दुसऱ्याचं नाव सांगितलं.

गोल झाला, कप आला. वसंतने स्टिक निंबाला टेकवून ठेवली आणि त्याच आठवड्यात तो सुरतला कामाला निघून गेला. तीन दिवाळ्या झाल्या तरी आला नाही. नाना त्याचं नाव काढत नसत.

पुढे नानांची नजर अधू झाली, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी लाल वही मला वाचायला दिली. वाचता वाचता मी अडलो. वसंतच्या नावावर काट मारलेली होती. खाली नानांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे शून्य.

नानांनी रिकाम्या मैदानाकडे तोंड वळवलं.

"त्या दिनले बाद फेरी वसंतनी नही, मनी व्हती," ते म्हणाले. मग वही माझ्या हातून घेऊन त्यांनी मिटली.

"सुरतनी गाडी कितला वाजता शे, भाऊ?"