दाबून धरा

“बाबांनाच घेऊन जा,” बायको म्हणाली, आणि ज्योतिष्याचा दात घासणारा हात जागच्या जागी थांबला.

तोंडात फेस असल्यामुळे त्याला लगेच विरोध करता आला नाही. बायकोने तेवढ्यात बाजी मारली. “चाचणीला साठीच्या वरचं माणूस हवं, तो पलंग आधी कधी पाहिलेला नसावा आणि आज सकाळी मोकळं हवं, असंच सांगितलंय ना तुझ्या मॅडमनी? मग बाबांइतकं मोकळं दुसरं कोण आहे? मी फोन केलाय त्यांना. ते बूट घालून बसलेत.”

ज्योतिष्याने चूळ भरली.

ज्योतिषी हे त्याचं टोपणनाव. ग्रहांशी त्याची ओळख तशी जेमतेमच होती. तो एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. तिथला राशिभविष्य लिहिणारा संपादकाशी भांडून निघून गेला, तेव्हा “उद्यापुरतं तू लिही” म्हणून त्याच्या गळ्यात पडलेलं ते सदर पुढे कित्येक वर्षं त्याच्याच गळ्यात राहिलं. मग एका सकाळी वर्तमानपत्रच बंद पडलं. त्या दिवशी बाराही राशींना धनलाभ होता.

बऱ्याच खटपटीनंतर त्याला एका कंपनीत तांत्रिक लेखक म्हणून उमेदवारीवर घेतलं. कंपनी घरच्या रुग्णांसाठी रिमोटवर चालणारे पलंग बनवायची आणि त्या पलंगांच्या माहितीपुस्तिका त्याने लिहायच्या होत्या. पहिल्याच मसुद्यात त्याने लिहिलं, ‘पाठ उचलताना आरंभी किंचित विरोध जाणवेल, परंतु संयम ठेवल्यास यश निश्चित.’ विभागप्रमुख मॅडमनी त्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, “हाताने काय करायचं तेवढंच लिहा. नशिबाचं ज्याचं तो बघून घेईल.” तेव्हापासून सगळं ऑफिस त्याला ज्योतिषीच म्हणू लागलं.

आज उमेदवारी संपत होती. आजच्या चाचणीत पुस्तिका पास झाली तर नोकरी पक्की. नाही झाली, तर भाड्याचं घर सोडून सासऱ्यांकडे राहायला जायचं. ‘घरजावई’ हा शब्द अजून घरात कुणी उच्चारला नव्हता, पण बायकोने माळ्यावरच्या बॅगा ‘नुसत्या झटकायला’ म्हणून खाली काढलेल्या होत्या आणि येता-जाता ज्योतिष्याला त्यांच्यावरून उडी मारावी लागत होती.

आणि परीक्षेला बसवायचं कुणाला, तर त्याच सासऱ्यांना!

सासरे विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी एकच तत्त्व पाळलं: कागदावर नाही ते नाही. घर जळालेला माणूस राख घेऊन समोर उभा राहिला तरी ते शांतपणे विचारायचे, “राख याच घराची, हे कुठे लिहिलंय?” जावयाच्या नव्या नोकरीबद्दलही त्यांनी जेवताना आपलं मत एका वाक्यात दिलं होतं. “सूचना वाचतं कोण, माझ्याशिवाय?”

ऑफिसात पोहोचल्यावर सासरे चाचणीच्या खोलीबाहेर थबकले. भिंतीवर ‘चाचणीचे नियम’ असा एक पिवळा पडलेला फलक होता. कंपनी सुरू झाल्यापासून तो कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मॅडम घड्याळ बघत उभ्या. पलंग तयार करणारा इंजिनिअर जांभया देत उभा. ज्योतिषी कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत उभा.

“बाबा, ते आमच्यासाठी आहे. तुम्ही चला आत.”

“भिंतीवर लावलंय म्हणजे सगळ्यांसाठी आहे,” सासरे म्हणाले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच आत आले.

मॅडमनी ज्योतिष्याला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. “पुन्हा सांगते. वापरणारा फक्त पुस्तिका वाचून पलंग चालवणार. गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही काही उशाशी बसणार नाही आहात, तेव्हा इथेही बोलायचं नाही. खुणा नाहीत, खोकणं नाही. तुम्ही बोललात की संपलं.”

ज्योतिष्याने मान हलवली. ही खूण तर नाही ना, या धास्तीने ती मध्येच थांबवली.

सासऱ्यांनी बूट काढून पलंगाखाली जोडीने लावले. पुस्तिका छातीवर उघडी धरली आणि मोठ्याने वाचलं, “‘पायरी एक. पलंगावर उताणे झोपा.’ झोपलो. ‘पायरी दोन. रिमोट हातात घ्या.’ घेतला.”

ज्योतिष्याचा जीव थोडासा भांड्यात पडला.

“‘पायरी तीन. पाठ वर हे बटण दाबून धरा. पाठीकडचा भाग उचलला जाईल.’”

मोटर घुरघुरली. सासरे हळूहळू उठून बसते झाले. मॅडमनी समाधानाने काहीतरी टिपून घेतलं.

“‘पायरी चार. पाय वर हे बटण दाबून धरा. गुडघे उचलले जातील.’”

आणि इथे ज्योतिषी खुर्चीत एकदम पुढे सरकला. कारण सासऱ्यांनी चौथ्या पायरीचं बटण डाव्या अंगठ्याने दाबलं, पण तिसऱ्या पायरीच्या बटणावरचा उजवा अंगठा काढलाच नाही. पाठ येतच राहिली आणि गुडघे तिला भेटायला निघाले.

सोडा, ज्योतिषी मनात ओरडला. अहो, सोडा! दाबलेलं बटण माणूस सोडतोच की. जगात कुणाला हे सांगावं लागतं का?

त्याच क्षणी त्याला आठवलं, की त्याने ते सांगितलं होतं. मसुद्यात त्याचं एक वाक्य होतं, ‘हवी तेवढी पाठ उचलल्यावर बटणाचा मोह सोडावा.’ मॅडमनी त्यावर अशी रेघ मारली होती की कागद फाटला. दुरुस्त करून परत लिहायचं त्याच्या डोक्यातून गेलं. आता मोह तर राहिलाच नव्हता, पण सोडणंही त्याच्याबरोबर गेलं होतं.

पुस्तिका आता छाती आणि मांड्या यांच्यामध्ये अडकली होती. सासऱ्यांनी मान वाकडी करून पुढची ओळ गाठली. “‘पायरी पाच. उंची... वर... हे बटण दाबून धरा.’”

दोन्ही अंगठे गुंतलेले होते. सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि तिसरं बटण हनुवटीने दाबलं. सगळा पलंग वर चढू लागला.

मुद्दाम करताहेत, ज्योतिष्याच्या मनात आलं. नक्की मुद्दाम. जेवताना बोलले ते आता करून दाखवताहेत. स्वतःच्या मुलीचा संसार मोडायला निघालेला बाप त्याने आजवर फक्त भविष्यात लिहिला होता, तोही मंगळ वक्री असताना.

“मॅडम,” इंजिनिअर कुजबुजला, “तिन्ही मोटरी एकदम चालायला नकोत. तापतात. बंद करू का?”

“हात लावू नका. चाचणी चालू आहे.”

“वास येतोय.”

“मलाही येतोय. चाचणी चालू आहे.”

सासऱ्यांचा चष्मा नाकावरून सुटला आणि पलंगावरून घरंगळत जमिनीवर आला. चेहरा लालबुंद झाला होता. शेवटची ओळ त्यांनी आधीच पाठ केलेली असावी, कारण गुडघ्यांच्या आडून बारीक पण ठाम आवाज आला, “‘पायरी सहा. आता आरामात बसून चहा घ्या.’ चहा कुठाय?”

इंजिनिअरने मॅडमकडे पाहिलं.

“कागदात चहा आहे,” आवाज म्हणाला. “चहा आणा.”

मग आवाज थांबला आणि नुसता श्वास ऐकू येऊ लागला, तोही तुटक. नोकरी, भाड्याचं घर, बॅगा, सगळं एकदम ज्योतिष्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्या सगळ्यापुढे एक म्हातारा माणूस मिटत चाललेला दिसला. काय व्हायचं ते होवो. तो खुर्चीवरून ताडकन उठला.

“बाबा! बटणं सोडा!”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. संपलं.

पण पलंगावर काहीच बदललं नाही. मोटरी घुरघुरतच राहिल्या.

“बाबा, सोडा म्हणतोय ना!”

“कुठे लिहिलंय?”

“नाही लिहिलं! राहून गेलं! माझी चूक झाली!”

“तोंडी सूचना मी मानत नाही.”

ज्योतिष्याने कपाळावर हात मारून घेतला. मग मॅडमच्या पुढ्यातलं पेन उचललं, एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘आता सर्व बटणे सोडा’ असं लिहिलं आणि तो कागद सासऱ्यांच्या तोंडासमोर धरला.

“चष्मा नाही,” सासरे म्हणाले.

ज्योतिषी पलंगाखाली शिरला, चष्मा शोधला आणि गुडघ्यांच्या फटीतून कसाबसा त्यांच्या नाकावर बसवला. सासऱ्यांनी कागद वाचला. खालपर्यंत वाचला.

“दुरुस्तीवर सही लागते.”

“बाबा, अहो, जीव जाईल तुमचा!”

“सही.”

ज्योतिष्याने पलंगाच्या कठड्यावर कागद टेकवून सही केली. सासऱ्यांनी ती नीट पाहिली, आधी हनुवटी उचलली, मग डावा अंगठा, मग उजवा. मोटरी गप्प झाल्या. इंजिनिअरने धावत जाऊन पलंग सपाट केला आणि सासरे पुन्हा माणसासारखे लांब झाले.

सासऱ्यांचं पाणी पिऊन झालं. मग मॅडम म्हणाल्या, “मला वाईट वाटतं. पण तुम्ही बोललात. चाचणी रद्द.”

“हो, मॅडम,” ज्योतिषी म्हणाला. मन घरी पोहोचून बॅगा भरायलाही लागलं होतं.

“एक मिनिट,” सासरे पलंगावर उठून बसत म्हणाले. त्यांची मान अजून एका बाजूला कललेली होती, पण आवाज दावे विभागातला होता. “कोणत्या नियमाने रद्द?”

“नियमच आहे. लेखकाने बोलायचं नाही.”

“असा नियम नाही. बाहेर लावलाय तो मी वाचलाय. ‘लेखकाच्या बोलण्यावरून वापरणाऱ्याने कृती केल्यास चाचणी रद्द समजण्यात येईल.’ जावईबापू बोलले, मान्य आहे. ओरडले, तेही मान्य. पण त्यांच्या बोलण्यावरून मी काय केलं? एक बोट हलवलं का?”

मॅडम इंजिनिअरकडे पाहू लागल्या. इंजिनिअर बाहेर जाऊन फलक वाचून आला. “तसंच आहे, मॅडम.”

“मी बटणं सोडली ती लेखी सूचना वाचून,” सासरे म्हणाले. “सहीनिशी. लेखकाने लिहू नये, असं तुमच्या नियमात कुठे असेल तर दाखवा. लिहिण्यासाठीच ठेवलंय ना त्यांना?”

मॅडमनी तो सही केलेला कागद ओढून घेतला, पुस्तिकेत पाचव्या पायरीपाशी ठेवला आणि जरा पडेल आवाजात म्हणाल्या, “दाबून धरा म्हटलं, की सोडा म्हणायलाच हवं. आणि एकदा नाही, प्रत्येक पायरीत. ते वाक्य मीच खोडलं होतं. त्यातला मोह काढायला हवा होता, सोडणं नव्हे.” त्यांनी पेन उचललं. “एवढी दुरुस्ती करा. चाचणी ग्राह्य धरते. उद्यापासून तुम्ही कायम.”

ज्योतिषी पलंगावर बसणार होता, पण ऐन वेळी सावरला आणि खुर्चीवर बसला.

रस्त्यावर आल्यावर दोघं चालू लागले. मान वळत नसल्यामुळे सासऱ्यांना जावयाशी बोलायला अख्खं अंग फिरवावं लागत होतं, म्हणून ते समोर बघूनच चालले होते. ज्योतिष्याला भरून आलं होतं. या माणसाबद्दल आपण तासाभरापूर्वी काय काय विचार केले, ते आठवून त्याला लाज वाटली.

“बाबा,” तो शेवटी म्हणाला, “तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? मी ओरडलो तरी सोडायचं नाही म्हणून?”

“मग काय तर. कागदात ‘सोडा’ नव्हतं, तर सोडणार कसं? आयुष्यभर लोकांचे दावे फेटाळायला नियम वाचले. म्हटलं, एकदा मंजूर करायला वाचून बघू.”

“माझ्यासाठी तुम्ही एवढं सोसलंत. जीव धोक्यात घातलात. हे उपकार कसे फेडू?”

सासरे थांबले. अख्खं अंग फिरवून त्यांनी जावयाकडे पाहिलं.

“उपकार कसले, जावईबापू? तुम्ही आमच्याकडे राहायला येणार म्हणून महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. आज झोपेन.”