पाहुण्यांखालचं जेवण

खड्डा नेहमीच्या जागी न खणता थोडा पुढे खणावा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. (आमच्या घरात मी सोडून बाकी सगळ्यांना कळलं आहे.)

आमच्या रमच्या वाळवंटात पाहुण्यांसाठी मांस जमिनीत शिजतं. वाळूत खड्डा, खड्ड्यात लोखंडी पिंप, पिंपाच्या तळाशी निखारे. त्यावर भाताचं पातेलं, पातेल्याच्या वर जाळी, जाळीवर मसाला चोळलेलं बकरं, कांदे, बटाटे. मग झाकण, झाकणावर ओलं घोंगडं आणि घोंगड्यावर वाळू. याला आम्ही झर्ब म्हणतो. वाफेचा एक धागासुद्धा बाहेर सुटता कामा नये. तेवढं जमलं की पुढचं सगळं वाळू करते, माणसाने नुसती राखण करायची. ती राखण माझ्याकडे असते, कारण तिच्यात बिघडवण्यासारखं काही नाही असं माझ्या बायकोला वाटत असे.

त्या दिवशी मात्र गोष्ट साधी नव्हती. दाना गावाहून निघालेली एक टोळी डोंगरदऱ्या तुडवत, वाटेत पेत्रा बघत, गावोगावचं खात खात आमच्याकडे येत होती. चालायचं, बघायचं आणि खायचं, अशी ती टूर. तिचा गाईड तैसीर हा दानाचाच पोरगा. वसंतात तो आमच्याकडे सहज जेवून गेला होता आणि त्याने कंपनीला सांगितलं होतं, या टूरचं शेवटचं जेवण उम्म मुतलकच्या हातचं असू द्या. उम्म मुतलक म्हणजे मुतलकची आई, माझी बायको; आणि मी अबू मुतलक, त्याचा बाप. आता पाहुण्यांना जेवण आवडलं, तर यापुढे येणाऱ्या प्रत्येक टोळीचं शेवटचं जेवण आमच्याकडे. नाही आवडलं, तर पलीकडच्या खिंडीत माझा चुलतभाऊ आहेच. त्याच्याकडे रंगीत दिवे आहेत.

माझ्या बायकोने मोठी ताटं राखेने इतकी घासली की एका ताटात मला माझा चेहरा दिसला. (ते ताट मी पालथं ठेवलं.)

आता खड्ड्याचं सांगतो. आमचा जुना खड्डा तंबूच्या मागे, खडकाच्या आडोशाला. जेवण तिथून निघतं, ताटात पुढे येतं, पाहुणे खातात आणि माझा हात धरून म्हणतात, वा अबू मुतलक. किती वर्षं तिच्या हातच्या जेवणाची शाबासकी मी खात आलो आहे. ती पडद्यामागे भाकरी टाकत असते. मला वाटलं, आज खड्डा तंबूच्या पुढेच खणावा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाकण निघावं आणि ते तिने स्वतःच्या हाताने काढावं. हे कुणालाच सांगायचं नाही, तिलाही नाही.

तेव्हा पिंप उपसलं, तंबूसमोर मोठ्या कड्याच्या सावलीत नवा खड्डा खणला. तिने मांसाची जाळी आणि पातेलं माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "अबू मुतलक, तू नुसती राखण कर. आणखी काही करू नकोस." मी होय म्हटलं. सगळं पुरून झाल्यावर वाळू हाताने सपाट केली, मग झाडूने, मग पुन्हा हाताने. अशी गुळगुळीत वाळू मी जन्मात केली नव्हती. तिच्याकडे बघून माझाच जीव हरखला.

राखण करायला बसलो खरा, पण बसवेना. लहानपणी उंटांची शर्यत असली की मी जसा सारखा उठून बाहेर डोकवायचो, तसंच चाललं होतं. टोळी कुठवर आली असेल? कड्यावर चढून एक नजर टाकावी म्हणून वर गेलो. लांबवर लाल वाळूत टोप्यांची एक ओळ दिसली, मुंग्यांसारखी. मी हात हलवला. (एवढ्या लांबून त्यांना माझा हात काय, मीसुद्धा दिसलो नसेन. तरी दोन्ही हात हलवले.) मग ओळ एका सुळक्यामागे गेली. ती दुसऱ्या बाजूने बाहेर निघेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तैसीरने त्यांना जवळच्या खिंडीतून आणलं होतं, ते मला माहीत नव्हतं.

खाली आलो तर पाहुणे आलेले होते, बसलेले होते आणि चहा पीत होते. माझ्या गुळगुळीत वाळूवर आमची सगळ्यात चांगली सतरंजी पसरलेली होती, तिच्यावर गाद्या आणि गाद्यांवर पाहुणे. मधोमध, नेमकी पिंपाच्या डोक्यावर, माझ्याच वयाची एक जर्मन बाई पाय पसरून बसली होती. तिच्या गुडघ्याला पट्टी होती.

माझा मेहुणा सुवेलिम किटली घेऊन हसत हसत पुढे आला.

"दाजी, जागा कशी निवडली?"

"तिथे सतरंजी कुणी घातली?"

"मीच. तुम्ही एवढी सपाट करून ठेवलीत, म्हटलं बैठकीसाठीच असेल. तुमच्या हातून इतकं नीटनेटकं काम झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं."

"खाली जेवण आहे."

त्याने सतरंजीकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. "मग त्यांना उठा म्हणा की."

हे बोलून त्यानेच जीभ चावली. आमच्यात पाहुणा एकदा बसला की बसला. त्याला ऊठ म्हणणं म्हणजे चालता हो म्हणणं. माझ्या आजोबांच्या तंबूत एकदा एक पाहुणा येऊन बसला. कबिल्याला चाऱ्यासाठी दुसरीकडे जायचं होतं. आजोबांनी तंबू सोडला, उंटावर चढवला, आणि पाहुणा उघड्यावर एकटाच बसलेला बघून पुन्हा उतरवून त्याच्याभोवती बांधला. त्या वर्षी शेळ्या अर्धपोटी राहिल्या, पण घराण्याचं नाव राहिलं. त्या घराण्यातला मी.

"आपण म्हणायचं नाही," मी सुवेलिमला म्हटलं. "ते आपणहून उठतील."

पहिल्यांदा मी कॉफीची चूल उचलून पलीकडच्या खडकापाशी नेली. म्हटलं, कॉफी प्यायला तरी येतील. पाहुण्यांनी हातोहात पेले पुढे सरकवले, हातोहात परत दिले, आणि मलाच दोन्हीकडे धावावं लागलं.

मग सूर्य कलला. मी तैसीरला सांगितलं की असा सूर्यास्त जगात कुठे नाही, आणि तो फक्त त्या पलीकडच्या टेकाडावरूनच दिसतो. सगळे उठले. माझ्या छातीत उंट धावायला लागले. सुवेलिम फावडं घेऊन पुढे सरकला. पण ती गुडघेवाली बाई, हेल्गा तिचं नाव, जागची हलली नाही. तिला बसल्या जागेवरून सूर्यास्त चांगला दिसत होता. (तो सगळीकडूनच दिसतो. सूर्य आहे तो.) आणि बाकीचेसुद्धा सूर्य पुरता बुडायच्या आत लगबगीने परत येऊन आपापल्या गादीवर बसले. इतकी घाई कशाची, मला समजेना.

मग हेल्गाबाईने सतरंजीखाली हात घातला, वाळू चाचपली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. तैसीरने मला सांगितलं, "बाई म्हणतायत, पेत्राच्या पायऱ्यांपासून धरलेला गुडघा इथे बसल्यावर सुटला. वाळूत औषध आहे."

झालं. सगळ्यांना गुडघे होते, आणि सगळ्यांचे चालून चालून दुखत होते. जो तो तिच्या जवळ सरकला. कुणी पालथा पडला, कुणी कंबर टेकवली. एकाने तर बूट काढून तळवे लावले. माझ्या बायकोच्या बकऱ्यावर आता सबंध टूर होती.

मी शगराला आणलं. शगरा म्हणजे आमची सांडणी, स्वभावाने गरीब. म्हटलं, उंटावर बसायला तरी लोक उठतील. शगराने मान खाली घालून वाळू हुंगली, पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि हेल्गाबाईच्या शेजारी बैठक मारली. तिच्याही गुडघ्यांना बरं वाटलं असावं. डोळे मिटून ती रवंथ करायला लागली. पाहुण्यांनी फोटो काढले.

एवढ्यात पडद्यामागून आवाज आला. "अबू मुतलक, मांस काढलं का?"

"निघतंय," मी म्हणालो.

"भात लागेल हं."

"नाही लागणार."

भात लागायला लागला होता. सतरंजीच्या कडेने वास यायला लागला. एक पाहुणा नाक वर करून म्हणाला, वाळवंटालाही स्वतःचा एक सुगंध असतो. तैसीर हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, चाचा, ही माणसं सकाळपासून चालतायत, पोटात काही नाही, जेवायचं कधी? त्याच्या कपाळावर मला चुलतभावाचे रंगीत दिवे लागलेले दिसले.

तेवढ्यात माझी बायको तंबूच्या मागून आली. हातात फावडं, पदराला वाळू. माझ्यापुढे उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मागच्या खड्ड्यात सरडा बसलाय. माझं बकरं कुठे आहे?"

मी हनुवटीने दाखवलं.

तिने हेल्गाबाईकडे बघितलं. पालथ्या पडलेल्या पाहुण्यांकडे बघितलं. शगराकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"मी तुला एकट्याला राखण करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "एवढ्या लोकांना कशाला बसवलंस?"

मग मला सगळं सांगावं लागलं. खड्डा पुढे का आणला, तिने झाकण काढावं असं मला का वाटलं, सगळं. मला भराभर बोलता येत नाही, त्यात भात जळत होता, त्यामुळे मी आणखीच अडखळलो. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता फावडं माझ्या डोक्यात. तिने फावडं सुवेलिमच्या हातात दिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ पाहुण्यांत गेली.

आमची सगळी वर्षं पडद्याच्या एका बाजूला मी आणि एका बाजूला ती अशी गेली आहेत. तिला त्या सतरंजीवर पाय ठेवताना बघून मला माझ्या लग्नाच्या दिवसासारखं झालं. तेव्हाही मी असाच कोपऱ्यात उभा होतो.

ती हेल्गाबाईसमोर उकिडवी बसली. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपल्याच भाषेत म्हणाली, "ऊठ गं बाई. जेवण तुझ्या खाली आहे. पहाटेपासून खपतेय मी त्याच्यासाठी."

हेल्गाबाईला त्यातला एक शब्द कळला नसणार. तिने दोन्ही हात पुढे केले, माझ्या बायकोने ते धरले, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या आधाराने उठल्या. त्यांच्यामागोमाग सगळी टूर उठली. शगरा तेवढी उठेना, तिला चौघांनी ओढलं.

मग तैसीरकडून कळलं. त्याने वाटेत पाहुण्यांना बजावून ठेवलं होतं की बदूच्या, म्हणजे आमच्यासारख्या वाळवंटातल्या माणसाच्या, घरी यजमानाने जेवायला चला म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही, त्याचा अपमान होतो. बिचारे सूर्यास्ताला उठले तेही धास्तीनेच. म्हणजे मी त्यांच्या उठण्याची वाट बघत होतो, आणि ते माझ्या बोलावण्याची. दोघांनीही रीत पाळली. जळला तो भात.

सतरंजी निघाली, वाळू निघाली, घोंगडं निघालं. मी झाकणाला हात लावणार, तेवढ्यात तिने माझा हात बाजूला केला आणि झाकण स्वतः उचललं. धूर असा वर गेला की पाहुणे चार पावलं मागे सरले. मांस हाडांवरून आपोआप सुटत होतं. भात तळाला काळा झाला होता. तिने क्षणभर ओठ आवळले, मग ती खरपुडी उलथन्याने सोडवून प्रत्येकाच्या पानात एकेक तुकडा वाढला, जसं काही ती मुद्दामच केली होती. खरपुडीवरून पाहुण्यांत भांडणं झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी माझा हात कुणी धरला नाही. तिचा धरला. ती आधी आपल्या पायांकडे बघत होती, मग मान वर करून बघायला लागली.

तैसीरने तिथेच सांगून टाकलं, यापुढे प्रत्येक टोळीचं शेवटचं जेवण इथेच. मला इतका आनंद झाला की मी शगराला माझी भाकरी दिली.

जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी आभार मानले आणि तैसीरने ते आमच्या भाषेत सांगितले. जेवणासाठी उम्म मुतलकचे. बैठकीची जागा इतकी सुंदर निवडली म्हणून सुवेलिमचे. सोबत केली म्हणून शगराचे. मी पागोटं नीट करून थोडा पुढे सरकलो.

हेल्गाबाईने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. तैसीर खाली बघायला लागला. मी म्हटलं, सांग की.

"चाचा, त्या विचारतायत, संध्याकाळभर आम्हाला धड बसू न देणारे हे गृहस्थ कोण?"

मी तोंड उघडायच्या आत माझी बायको म्हणाली, "कुणास ठाऊक. बरीच वर्षं झाली येऊन बसलाय. पाहुणा आहे, म्हणून ऊठ म्हणता येत नाही."