साळुंके सरांची लेकरं

“आज सर किती लेकरं काढणार रे?”

“काल चार निघाली. आज आठ म्हणत होते.”

लॅबच्या दारात दोन विद्यार्थी बोलत होते आणि मी त्यांच्या मागे हजेरीपट छातीशी धरून उभी होते. हर्सूलच्या बाजूच्या त्या कॉलेजात माझा तिसरा दिवस होता. ‘बाजूला व्हा’ म्हणायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलले नसते. छावणीतल्या इंग्रजी शाळेत मी शिकण्यात दहा वर्षं काढली, पण तिथेही मी कोणत्याच भाषेत फारशी बोलत नव्हते.

साळुंके सर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत आणि मी त्यांची लॅबमधली मदतनीस. सरांचं वय पन्नाशीच्या आसपास. लग्न केलेलं नाही. पुंडलिकनगरात एका खोलीत राहत. आणि या माणसाला लेकरांशिवाय दुसरा विषय नव्हता. ही लेकरं अर्थात कॉम्प्युटरच्या पोटातली. चालू असलेला प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेस. एक प्रोसेस दुसरी सुरू करते, तेव्हा पहिली पालक आणि दुसरी तिचं अपत्य. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं. सर मात्र तिथून पुढे सुरू होत.

“नवी प्रोसेस करायच्या तऱ्हा लई हायेत,” ते खडू हवेत धरून म्हणायचे. “घरात पाळणा हलायच्या असतात तेवढ्याच.”

पहिली तऱ्हा फोर्क, म्हणजे प्रोसेसने स्वतःचीच प्रत काढणं. त्यासाठी ते एका मुलाला पुढे उभं करत आणि दुसऱ्याला त्याची हुबेहूब नक्कल करायला लावत. पहिल्याने कान खाजवला तर दुसऱ्यानेही खाजवायचा.

“बाप म्हणला, फोर्क. लगेच शेजारी दुसरा उभा! तोच चेहरा, तोच सदरा, खिशात तोच मळका रुमाल. मग बाप कोण अन् लेकरू कोण, कसं वळखायचं? हात उघडून बघायचे. लेकराच्या हातात शून्य. बापाच्या हातात लेकराचा नंबर. लेकराला कशाची फिकीर नसती. बापाला मात्र नंबर पाठ असतोय.”

दोघांची मेमरी वेगळी की एकच, असं कुणीतरी हमखास विचारायचं. सर याच प्रश्नाची वाट बघत असत.

“दोन भावांचं रान हाय. नुसतं बांधावरून बघायचं असंल तर वाटणी कामून करता? ज्या दिवशी एकजण नांगर घालंल, त्या दिवशी तेवढाच तुकडा येगळा काढायचा. बाकीचं सामायिक.”

समोर बसलेली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरातली. ती माना डोलवत. माझ्या इंग्रजी पुस्तकाला हेच सांगायला दीड पान लागलं होतं, आणि ते मी पाठ केलं होतं, समजलं नव्हतं.

एक्झेकमध्ये प्रोसेस तीच राहते, आतला प्रोग्रॅम बदलतो; सरांच्या भाषेत गाळा तोच, लायसन तेच, पण काल शिलाईचं दुकान होतं तिथं आज मोबाईलचं. व्हीफोर्कमध्ये अपत्य काही वेळ पालकाचीच मेमरी वापरतं, आणि तिथे तर वर्ग हसून लोळायचा. “बापाचाच सदरा घालून पोरगं मुलाखतीला गेलंय. त्याला सोताचे कपडे मिळंस्तोवर बापानं घरात उघडं बसायचं. हलायचं नाय.” आणि ज्या सिस्टिमवर आमच्या ऑफिसचं काम चालायचं, तिला सर ‘खिडक्यावाली’ म्हणत आणि तिच्यावर त्यांचा राग होता. “तिथं लेकरू पायजे तर दहा रकाने भरा! दत्तकविधान हाय का तहसीलचा फॉर्म?”

मी मागच्या बाकावर बसून हे सगळं वहीत उतरवत असे. सरांनी एकदा वही बघितली. “मॅडम, तुम्ही बोलत नाय, पण लिवता लई,” एवढंच म्हणाले.

सर इतकी वर्षं शिकवत होते ते तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर. आली तर शिकवायचं, नाही आली तर घरी. त्या वर्षी त्यांच्या जागेसाठी मोठी पदवी असलेला एक तरुण अर्ज घेऊन आला होता. कॉलेजने ठरवलं, समिती येईल, सरांचा एक तास बघेल आणि मग कुणाला ठेवायचं ते सांगेल. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हे माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. त्यांनी नवीन सदरा शिवला.

“प्रात्यक्षिकाचा प्रोग्रॅम तुम्ही लिहा मॅडम,” ते मला म्हणाले. “माझे जुने झाले. त्यातल्या चुकांची बी मला आता सवय झाली.”

मी लिहिला. पालक एक अपत्य काढणार, आणि ते स्क्रीनवर ‘नमस्कार, मी लेकरू’ म्हणणार. किती अपत्यं काढायची तो आकडा बदलता येत होता. मी एक टाकून चालवून बघितलं. एक नमस्कार आला. मी खूश झाले.

समितीच्या दिवशी सर असे शिकवत होते की समितीतल्या एक बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. मग तीस विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम चालवला. सगळ्यांचे स्क्रीन एकाच सर्व्हरला जोडलेले. तीस नमस्कार झाले. अध्यक्ष म्हणाले, “एकच का? दहा करून दाखवा.”

“दहा टाका रे!” सर आनंदाने ओरडले.

मी एक ओळ विसरले होते. नमस्कार करून झाला की अपत्याने तिथेच संपायला हवं, हे सांगणारी ओळ. एकच अपत्य असताना तिच्यावाचून काही अडत नाही. दहाच्या फेरीत मात्र प्रत्येक लेकरू नमस्कार करून न थांबता उरलेल्या फेऱ्या मारायला लागलं. त्याला लेकरं झाली, त्या लेकरांना लेकरं. एकेका विद्यार्थ्याची हजारावर. स्क्रीनवरून नमस्कारांचा लोंढा वाहिला आणि मग एकाएकी सगळं थिजलं. कुणाची कळ चालेना.

मागून आवाज आला, “सर, गाव वसलं!”

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. प्रोग्रॅमची छापील प्रत टेबलावर होती, ती सरांनी उचलली. त्यांची नजर ज्या ओळीवर थांबली, ती मला लांबूनही कळली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“हा प्रोग्रॅम कुणी लिहिला?” अध्यक्षांनी विचारलं.

“मीच,” सर म्हणाले. “एक ओळ राहिली माझी.”

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि समिती प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. मुलं पांगली. सरांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि त्याच्याच शेजारी डबा उघडून बसले.

“सर, इथेच जेवता?”

“पंख्याचा आवाज असतोय. घरी तेवढा बी नसतो.” त्यांनी भाकरी मोडली. “बसा.”

मी बसले. “चूक माझी होती, सर.”

“व्हय. दिसली ना.”

“मग तुम्ही का म्हणालात की...”

त्यांनी भाकरीला ठेचा लावला. “माझ्या पयल्या वर्षी माझ्याकडून बी मशीन बंद पडलं होतं, अशाच पावण्यांसमोर. आमचे मोठे सर म्हणले, हा नवा पोरगा हाय, त्यानंच केलं. खोटं नव्हतं ते. पण मी पुढं तीन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाय. खताच्या दुकानात गोण्या उचलल्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही तर आधीच बोलत नाय, मॅडम. अजून गप झालात तर या पोरांना शिकवणार कोण? माझं काय, एकटा माणूस. घ्या, खा.”

त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी ती पूर्ण खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचंच आहे असं आम्ही दोघंही धरून चाललो.

मग मी उठले. लॅबपासून केबिनपर्यंत चाळीस पावलं असतील. तेवढ्यात मी एक वाक्य इंग्रजीत तयार केलं, त्याचं व्याकरण दोनदा तपासलं आणि दारावर टकटक केल्यावर ते सगळं विसरले. आत चारजण चहा घेत होते.

“काय काम होतं?” अध्यक्षांनी विचारलं.

हात दाराच्या मुठीवरच होता. अजूनही परत फिरता आलं असतं.

“सर तुमच्याशी खोटं बोलले,” मी म्हणाले. “तो प्रोग्रॅम मी लिहिलाय. ओळ माझी राहिली, त्यांना ती एका नजरेत दिसली. मला अजून लई शिकायचंय त्यांच्याकडून. त्यांना काढू नका.”