शिवणापाणी आणि शेंगदाणे

आमच्या मधुमालती सोसायटीत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी एकच आहे, आणि शिवणापाणीत ज्याच्यावर राज्य राहील त्याला ती आठवडाभर असते.

मूळची ती दुसऱ्या मजल्यावरच्या बेलसऱ्यांच्या शर्वाणीची. आठ वर्षांची पोर. दिवाळीत आमच्या ह्यांनी "एका दाण्याने काय होतंय?" म्हणत तिच्या हातावर चिवडा ठेवला आणि तिला दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. त्यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. मोठ्यांना सांगून कळत नाही, खेळून कळेल, असा ठराव झाला. दर रविवारी पाच ते सहा पार्किंगमध्ये शिवणापाणी, मोठ्यांना हजेरी सक्तीची. शिवलं की अ‍ॅलर्जी जाते, इंजेक्शनचा डबाही सोबत जातो.

पहिल्याच रविवारी शर्वाणीने ह्यांना शिवलं. ह्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळे सहाच्या शिट्टीपर्यंत ह्यांच्या हाती कोणी लागलं नाही. आणि बुधवारी संक्रांत.

तिळगूळ नाकारणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, तोही घरातच. हे प्रत्येकाला विचारत होते, "लाडवात कूट आहे का?"

"चिमूटभर आहे हो," तळमजल्यावरच्या निमकरवहिनी म्हणाल्या. "तेवढ्याने काय मरताय?"

हे लाडू न घेताच निघाले. घरी येऊन मला म्हणाले, "त्या पोरीला हे रोज ऐकावं लागत असेल."

गुरुवारी माझाच कोशिंबिरीचा चमचा ह्यांनी चुकून चाटला. ओठ सुजले, श्वास लागला. इंजेक्शन देऊन रिक्षाने दवाखाना गाठला. मी फार घाबरले होते.

रविवारी शर्वाणी हात पुढे करून उभी राहिली. "आबा, द्या माझी मला. तुम्हाला नाही सांभाळता येत."

"शिकतोय," हे म्हणाले.

"मला सवय आहे."

"तीच नको ना."

आणि हे पळाले. ह्यांनी दुसऱ्या कोणाला शिवलं असतं, तर त्याच्याकडून तिने पाच मिनिटांत काढून घेतली असती. ज्याच्यावर राज्य तोच पुढे आणि पोर मागे, असा डाव नियमात बसतो का, म्हणून सेक्रेटरींनी वही पाहिली. बसत होता. एकोणसत्तर वर्षांचा माणूस स्कूटरींमधून वाट काढत तासभर पळला. एकदा तिचं बोट सदऱ्याला लागलं, पण कापडाला लागलेलं धरायचं नाही, असा निर्णय झाला. संसाराला बेचाळीस वर्षं झाली, पण माझी मान इतकी ताठ कधी झाली नव्हती. शेजारच्या सोसायटीतली माणसं कुंपणापाशी जमली होती, त्यांनाही मी सांगितलं, ते आमचे हे.

सहाला शिट्टी झाली. निमकरवहिनींनी शर्वाणीला लाडू दिला, आयुष्यातला पहिला. तिने तो सावकाश खाल्ला, "बरा आहे," म्हणाली आणि आणखी एक घेतला. मग साबणाने दोनदा हात धुतले आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन ह्यांच्यासाठी डब्यांवर चिठ्ठ्या लावायला बसली.