नसलेल्या होस्टेलचा पहिला नंबर

कॉलेजच्या ऑफिसात दाखल्याच्या खिडकीमागे जे गोल चेहऱ्याचे गृहस्थ बसतात ना, त्यांना सगळे होईलराव म्हणतात. त्याचं कारण सोपं आहे. त्या माणसाच्या तोंडून आजवर कुठल्याही कामाला 'नाही' हा शब्द बाहेर पडलेला नाही. दाखला मिळेल का? होईल. आजच मिळेल का? होईल. (मिळायचा पुढच्या आठवड्यात. पण ऐकणाऱ्याला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.)

तर एके दिवशी साहेबांनी, म्हणजे प्राचार्यांनी, त्यांना आत बोलावलं.

"होईलराव, यंदा रँकिंगमध्ये आपलं नाव आलंच पाहिजे."

"होईल सर."

"काय होईल? रँकिंग म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

ते काही होईलरावांना ठाऊक नव्हतं. मग साहेबांनी समजावलं. एक कंपनी असते, ती सगळ्या कॉलेजांचे नंबर लावते. कशावरून लावते? तर पोरांना विचारून. मास्तर शिकवतात का, पंखे फिरतात का, नळाला पाणी येतं का, द्या पाचपैकी मार्क. पोरं मोबाईलवर मार्क देतात, कंपनी त्यांची गोळाबेरीज करते आणि वर्तमानपत्रात छापते. म्हणजे वर्षभर मास्तरांनी पोरांना मार्क द्यायचे आणि एक दिवस पोरांनी मास्तरांना. फिटंफाट!

"पण आपली पोरं सर्वे भरतच नाहीत," साहेब म्हणाले. "आणि ठरलेल्या संख्येइतकी मतं आली नाहीत तर कंपनी आपलं नावच छापत नाही. तुम्ही बघा. जमलं, तर हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होतेच आहे."

ती खुर्ची होईलरावांनी पाहिलेली होती. नुसती पाहिलेली कसली, साहेब लोक जेवायला गेले की त्यात बसून दोन गिरक्या मारलेल्या होत्या. चाकांची, पाठ टेकली की मागे झुकणारी खुर्ची. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीला तीन पाय धड आणि चौथ्याखाली जुनं वेळापत्रक.

त्यांनी शक्कल काढली. खिडकीवर पाटी लावली, 'आधी सर्वे, मग शिक्का'. झालं! ज्याला दाखला हवा तो खिडकीशी उभ्या उभ्या मोबाईल काढून सर्वे भरू लागला. पोरं खऱ्या गोष्टींना खरे मार्क देत होती. पंखे, दोन. संडास, एक. (एक सुद्धा कुणा दयाळू पोरानं दिला असेल.) पण एका पानावर सगळ्यांची गाडी अडायची.

"काका, होस्टेलला किती मार्क द्यायचे?"

"म्हणजे?"

"होस्टेलच्या खोल्या, होस्टेलचं जेवण, होस्टेलचे वॉर्डन. आपल्याकडे होस्टेलच नाही."

"मग सोडून दे."

"सोडताच येत नाही. मार्क दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

मागे रांग खोळंबलेली. होईलरावांना चहाची वेळ झालेली. ते म्हणाले, "दे पाच! आपल्या बापाचं काय जातंय?"

बस. तेवढंच वाक्य. माणूस घसरतो तो डोंगरावरून नाही, अशा चहाच्या वेळेला घसरतो.

तरी मतं थोडी कमी पडली. तेव्हा त्यांना आठवलं, की आपल्या कॉलेजात दुपारचा शिवणकामाचा वर्ग आहे आणि त्यात आपल्या बायकोचंही नाव आहे. म्हणजे तीही विद्यार्थिनीच की! घरी आल्या आल्या त्यांनी मोबाईल वहिनींच्या हातात दिला.

वहिनी चष्मा लावून वाचू लागल्या. "होस्टेलचं जेवण कसं आहे? अहो, कुठलं होस्टेल?"

"अगं, पाच दे आणि मोकळी हो."

"न जेवता?"

"न जेवताच द्यायचे. जेवलेले लोक कमी देतात."

"'होस्टेलमध्ये उपद्रवी प्राणी किंवा कीटक आहेत का? ढेकूण, उंदीर, इतर.' इथं काय लिहू?"

"नाही म्हण. होस्टेल नाही तिथं ढेकूण चावणार कुणाला?"

वहिनींनी नाइलाजानं बोट टेकवलं. "खोटं मत आहे हो हे. अंगाशी येईल एक दिवस."

"होईल गं सगळं ठीक," होईलराव म्हणाले, आणि घोरायला लागले.

महिन्याभरानं वर्तमानपत्रात नंबर आले. अभ्यासात कॉलेजचा नंबर कितवा ते शोधायला बोट पार खालच्या कोपऱ्यापर्यंत न्यावं लागत होतं. पण 'उत्कृष्ट होस्टेल आणि भोजन' या चौकटीत? पहिला! टेकडीवरच्या श्रीमंत कॉलेजाला तीन मजली होस्टेल होतं, तरी ते बरंच मागे. मागे राहणारच. त्यांची पोरं तिथं रोज जेवत होती ना!

साहेबांनी होईलरावांना बोलावलं.

"होईलराव, आपल्याला होस्टेल आहे?"

"नाही सर."

"मग पहिलं कसं आलं?"

"तक्रारच नाही ना सर कुणाची."

साहेबांनी खिडकीतून फाटकावरची रिकामी जागा डोळ्यांनी मोजली. मग म्हणाले, "फलक करून घ्या. मोठा करा."

फलक लागला आणि चौथ्या दिवशी फाटकाशी एक ट्रक थांबला. त्यातून एक आडदांड ट्रकवाला उतरला. मागून त्याची मुलगी. मग ट्रंक, गादी, बादली. ट्रकवाल्याच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण.

"पोरीला होस्टेलात ठेवायचंय," तो म्हणाला. "टेकडीवाले बोलावत होते. म्हटलं, पहिल्या नंबराचं असताना सतराव्याला कोण जातंय?"

साहेबांनी होईलरावांकडे बघितलं. होईलरावांनी साहेबांकडे बघितलं. ट्रकवाल्यानं दोघांकडे बघितलं, आणि त्याचे दंड बघून दोघांनी जमिनीकडे बघितलं.

"होईलराव," साहेब म्हणाले, "होईल ना व्यवस्था?"

आयुष्यात एकदा 'नाही' म्हणायची संधी आली होती. पण जिभेला सवय नको का?

"होईल," होईलराव म्हणाले.

मग काय! ट्रक कॉलेजातून निघाला तो थेट होईलरावांच्या घरासमोर. वहिनी दार उघडून बघतात तर नवरा डोक्यावर गादी घेऊन उभा.

"हे काय?"

"होस्टेल," होईलराव गादीखालून म्हणाले.

"कुठंय?"

"हेच."

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मागे भेदरून उभ्या असलेल्या पोरीकडे. जे बोलायचं होतं ते गिळलं. (पुढं सवडीनं बोलल्या. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे.) "ये गं बाळ आत," एवढंच म्हणाल्या.

ट्रकवाला मात्र कात्रण घेऊन घरभर फिरला. आतली खोली बघितली, बाहेरची बघितली, गॅलरीत डोकावला. "पहिल्या नंबराचं होस्टेल जरा लहानच वाटतंय साहेब."

"मुलं कमी, लक्ष जास्त," होईलराव म्हणाले.

"आणि मेस?"

वहिनी तेव्हा भात उतरवत होत्या. त्यांनी एक ताट वाढलं. गरम भात, भाजी, वर लिंबाची फोड. ट्रकवाल्यानं उभ्यानं घास घेतला. मग खाली बसला. मग दुसऱ्यांदा भात मागून घेतला. ताट चाटूनपुसून झालं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"ताई, पेपरवाले खोटं लिहीत नाहीत," तो म्हणाला.

वहिनींनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की भात पुन्हा गरम झाला असता. न जेवता ज्या जेवणाला त्यांनी पाच मार्क दिले होते, ते आता त्यांनाच रांधायचं होतं!

ट्रकवाल्यानं गावोगाव बोभाटा केला आणि आणखी दोघी आल्या. आतली खोली पोरींची झाली. वहिनींनी आपली खाट बाहेरच्या खोलीत दाराशी लावली, वॉर्डन दारातच हवी म्हणून. राहिले होईलराव. त्यांची घडीची खाट गेली गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली. सकाळी जाग यायची ती ओल्या ओढणीचा थेंब नाकावर पडला की.

बाथरूममध्ये त्यांचा नंबर शेवटचा. तोवर टॉवेल खांद्यावर टाकून ते दारासमोर येरझारा घालायचे आणि घसा खाकरायचे. भूक लागली की झाकलेलं उघडून बघायचे. 'सातच्या आत घरात' असा नियम वहिनींनी लावला, तो पोरींनी कधी मोडला नाही. मोडला तो यांनीच, आणि दोनदा जिन्यात बसून राहिले.

पण वहिनींची गंमत बघा. पहिले चार दिवस त्या फणफणल्या आणि पाचव्या दिवसापासून खुलल्या. पोरी काकू काकू करत मागे फिरायच्या, त्यांच्याकडून शिवण शिकायच्या, त्यांना मोबाईल शिकवायच्या. घरात हसणं एवढं वाढलं, की होईलराव गॅलरीतून विचारायचे, "काय झालं गं?" आणि आतून उत्तर यायचं, "काही नाही, तुमचंच चाललंय."

वर्ष सरलं. पुन्हा सर्वे आला. साहेब म्हणाले, "होईलराव, पहिला नंबर टिकवा. खुर्ची तुमची."

"होईल सर!" या वेळी होईलरावांच्या आवाजात जोर होता. का नसावा? या खेपेला होस्टेल खरं, जेवण खरं, सगळं खरंच होतं!

तरी खात्री असावी म्हणून ते आठवडाभर पोरींच्या पुढंपुढं करत राहिले. झेरॉक्स काढून आण, सायकलीत हवा भर. शेवटी पोरी स्वयंपाकघरात बसून सर्वे भरू लागल्या तसे हे दारातून डोकावले.

"पाच द्या गं. माझ्यासाठी नाही म्हणत, काकूंसाठी."

"काका, खरं लिहा असं काकूंनी बजावलंय," ट्रकवाल्याची पोर म्हणाली.

"मग लिहा की खरं! खऱ्याला भितो कोण?"

नंबर लागले. होस्टेल दुसरं!

साहेबांनी कागद पुढं केला. "जेवण, पाचपैकी पाच. खोल्या, पाच. वॉर्डन, पाच. सगळं उत्तम. मार खाल्ला तो एकाच जागी. होईलराव, तुमच्या घरात कसले प्राणी आहेत?"

"प्राणी? सर, आमची ही मुंगीला सुद्धा आत येऊ देत नाही!"

"मग ऐका. 'उपद्रवी प्राणी, इतर: होय.' चौघींनी दिलंय. आणि खाली लिहिलंय, 'रात्रभर गॅलरीतून घुरघुर आवाज येतो. सकाळी बाथरूमपुढे घुटमळतं. झाकून ठेवलेलं उघडून खातं.'"

होईलरावांच्या अंगावर काटा आला. "गॅलरीत? सर, मी तिथंच झोपतो!"

"तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"नाही सर. बोका असेल. मी झोपल्यावर येत असेल."

"त्याचा बंदोबस्त करा. पुढच्या वर्षी पहिला नंबर परत, आणि खुर्चीही. औषध मारणारा माणूस मी कॉलेजतर्फे पाठवतो."

होईलराव धापा टाकत घरी आले. "अगं, गॅलरीत जनावर आहे! चौघींनी लेखी तक्रार केलीय!" आणि बोलता बोलता थबकले. (त्यांना हिशेब फारसा येत नाही, पण चारपर्यंत येतो.) "पोरी तिघी. चौथी तक्रार कुणाची?"

"मी नाही का शिवणाच्या वर्गात?" वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही सांगितलं ते भरलं. या खेपेला खरं भरलं."

"म्हणजे तूही पाहिलंस त्याला?"

"रोज बघते."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

पोरी ओढणीचा बोळा तोंडात कोंबून आतल्या खोलीत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी औषधवाला आला. पाठीवर पंप, नाकाला फडकं. होईलराव स्वतः त्याला गॅलरीत घेऊन गेले. त्यानं खाटेखाली वाकून बघितलं. बिस्किटांचा चुरा सापडला. उशीवर तेलाचा डाग सापडला. बोक्याचा एक केस म्हणून सापडला नाही.

"काय काय करतं म्हणालात?"

होईलरावांनी यादी म्हणून दाखवली. घुरघुर, बाथरूमपुढे घुटमळणं, झाकलेलं खाणं.

औषधवाल्यानं खाटेकडे पाहिलं. होईलरावांच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे पाहिलं. मग दारात दाटीनं उभ्या असलेल्या चौघींकडे पाहिलं आणि नाकावरचं फडकं हळूच खाली केलं.

"काका, तुम्ही घोरता का हो?"

"छे! कधीच नाही!"

"घोरतात!" चार तोंडांनी एकच शब्द.

तेव्हा कुठं होईलरावांच्या डोक्यात उजेड पडला. पडला तो असा, की ते खाटेवर बसलेच. ती चाकांची खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोरून घरंगळत निघाली आणि जिना उतरून दिसेनाशी झाली.

औषधवाला मात्र कामाचा पक्का होता. त्यानं खिशातून छापील कागद काढला आणि साहेबांकडे पाठवायचा अहवाल तिथंच गुडघ्यावर ठेवून लिहिला. 'प्राणी सापडला. औषध मारता येत नाही. कॉलेजच्याच नोकरीत आहे.'

मग कागद उलटा करून त्यानं वहिनींपुढे धरला. "ताई, आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी मार्क द्यायचे असतात."

वहिनींनी चष्मा लावला आणि न विचारता, न थांबता पाच दिले.