आप्पांचा काटा

आमचे शेजारी गंगाराम आप्पा गाडीत पेट्रोल किती आहे हे काटा बघून सांगत नाहीत. ते जमिनीवर आडवे होतात, गाडीखाली हात घालून टाकी बोटांनी ठोकतात आणि जाहीर करतात, "पाच लिटर. वर एखादा तांब्या." त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. गाभण मेंढीचं पोट चाचपून आत कोकरू एक की दोन हे सांगणाऱ्या माणसाला काट्याचं काय कौतुक?

गाडीही साधी नाही. लाल, दोनच सीटांची, गतिरोधकावर पोट घासणारी स्पोर्ट्स कार आहे. लहानपणी मेंढरं घेऊन सोलापूर हायवे ओलांडताना अशीच एक गाडी त्यांच्या कळपासाठी थांबली होती. ती डोक्यातून गेली नाही. साठी उलटल्यावर पुण्यातल्या कुणा हौशी माणसाची जुनी गाडी त्यांनी आमच्या भांडगावात आणली. दर रविवारी आप्पा गाडी चालवत आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या त्यांच्या पत्नी मालनकाकू असत.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. पुढे काही महिन्यांनी काटा बिघडला. या दोन गोष्टी मी आत्ता एकापाठोपाठ लिहितोय. तेव्हा मला त्यांचा काही संबंध दिसला नव्हता.

मी कंपनीत गेज तपासतो. काटा खरं दाखवतोय की खोटं हे ठरवून त्यावर हिरवा स्टिकर लावायचा, ही माझी नोकरी. या नोकरीनं माणसाला घमेंड येते. बायको आमटीत मीठ घालायला लागली की मी म्हणतो, "चमचा तपासलाय का?" पूर्वी ती रागानं बघायची, आता बघतही नाही. आप्पांनाही मीच बजावलं होतं, "टाक्या काय ठोकता? काट्यावर विश्वास ठेवा."

मग रविवारी दहाच्या सुमाराला फोन यायला लागले.

"इंजिनेर, तुझ्या काट्यानं दगा दिला बघ. न्हावऱ्याच्या रोडला हाय."

मी इंजिनिअर नाही, डिप्लोमावाला आहे. पण ही चूक मी कधी सुधारली नाही. मोटरसायकल काढायची, तिथं जायचं, नळी तोंडानं ओढून माझ्या टाकीतलं पेट्रोल त्यांना द्यायचं. घोटभर माझ्या तोंडात जायचंच. थुंकून झालं की माझं व्याख्यान सुरू. "आप्पा, या गाडीची टाकी चपटी असते. वळणावर पेट्रोल एका अंगाला जातं, आतला तरंगता फ्लोट खाली बसतो आणि काटा पडतो. चढाला वेगळंच."

"व्हय का? आन् उताराला?"

दर रविवारी ते हेच विचारत आणि दर रविवारी मी नव्या उत्साहानं सांगत असे. मग आप्पा फडकं सोडत. आत दोघांपुरत्या भाकऱ्या आणि ठेचा. एकटा निघालेला माणूस दोघांच्या भाकऱ्या का बांधतो? आणि टाकी ठोकून तांब्याचा हिशेब सांगणारा रस्त्यात कोरडा कसा पडतो? गेज तपासणाऱ्याला हे प्रश्न पडायला हवे होते. मी ठेचा खात राहिलो.

एकदा तर कपभर ओतताच पेट्रोल बाहेर सांडलं. मी म्हणालो, "पाइपात हवा अडकलीय." आप्पा घाईघाईनं म्हणाले, "तेच आसंल."

शेवटी मी इरेला पेटलो. शनिवारी रजा टाकून नवा फ्लोट बसवला, काटा तपासला आणि डॅशबोर्डवर चक्क हिरवा स्टिकर लावला. आप्पांनी बराच वेळ स्टिकर बघितला.

"लई चांगलं झालं," ते म्हणाले, पण आवाज पार पडला होता.

तीन रविवार फोन आला नाही. मी बायकोला म्हणालो, "बघ, याला म्हणतात काम." चौथ्या रविवारी पंपावर गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "आप्पाच्या गाडीचा काटा नीट केला म्हणं तुम्ही. पर त्ये तर दर रविवारी सकाळी हितनं टाकी तोंडापतोर भरून जायचं. आता येतच न्हाईत."

मागचा हॉर्न वाजवत होता. मला माझीच लाज वाटली. इतके महिने माणूस मला सोबतीला बोलावत होता आणि मी त्याला फ्लोट शिकवत होतो.

तसाच त्यांच्याकडे गेलो. आप्पा बनियनवर ओट्यावर बसले होते.

"का रं इंजिनेर? काट्याचं काय ऱ्हायलं का?"

"काटा बरोबर आहे, आप्पा. मला फिरायला न्या."

ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेजारची सीट टॉवेलनं पुसली. इतके रविवार गेलो, पण या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो. बसलो तर गुडघे थेट डॅशबोर्डला लागले. सीट पार पुढं सरकवलेली होती. काकू जेमतेम पाच फुटांच्या होत्या.

सीट मागं घ्यायला माझा हात खालच्या दांड्याकडे गेला. आप्पांचा हात किल्लीवरच थांबला.

"घे की मागं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लांब हायेस तू."

"राहू द्या. बरं आहे असंच."

त्यांनी गाडी सुरू केली. चौफुला मागं पडला. मग आप्पा काकूंबद्दल बोलायला लागले. इनामगाव आलं तेव्हा माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या आणि आप्पा अजून बोलतच होते.