नकाशाचा वास

"त्यात काय एवढं? कागद ठेवायचे, कुणी मागितले की काढून द्यायचे!"

विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं आपल्या बायकोच्या कामाबद्दल हे असं मत होतं, आणि लग्नापासून त्यांनी ते अगदी जपून ठेवलं होतं. बायको त्याच विद्यापीठाच्या अभिलेखागाराची प्रमुख. विद्यापीठ जन्माला आल्यापासूनचे ठराव, निकाल, नेमणुका, भांडणं, माफीनामे, इमारतींचे आराखडे, सगळं त्यांच्या ताब्यात. अख्खं विद्यापीठ त्यांना दप्तरबाई म्हणायचं. कुलगुरू यायचे आणि जायचे, दप्तरबाई मात्र आपल्या जागी. एका बाईंचं घर जळलं, प्रमाणपत्रं जळली, नोकरी जायची वेळ आली. तेव्हा त्यांच्या निकालाचं पान दप्तरबाईंनी अशा कपाटातून काढून दिलं, की ते कपाट तिथे आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या बाई रडल्या, दप्तरबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि पाण्याचा पेला कागदापासून लांब ठेवायला सांगितलं.

असं हे माणूस! पण सरांना त्याचं काय? त्यांना फक्त बायकोची एक सवय माहीत होती आणि त्या सवयीनं ते जेरीस आले होते. समोर कुठलीही वस्तू आली की बाईंचा पहिला प्रश्न, "हे कुठून आलं?" कारण त्यांच्या शास्त्रात वस्तू काय आहे हे नंतर. ती कुठून आली, कुणाकडून आली, हे आधी. ते कळलं नाही तर ती वस्तू म्हणजे नुसता कचरा. घरात नवी छत्री दिसली तरी तिची चौकशी व्हायची.

"अहो, ही छत्री कुठून आली?"

"छत्री आहे गं ती! पाऊस थांबवते! तिला तिचं मूळ गाव कशाला विचारतेस?"

"आपली नाही ती, म्हणून विचारतेय."

आणि खरंच नसायची. सर दुसऱ्याचीच उचलून आलेले असायचे.

तर झालं असं, की विद्यापीठाच्या इंजिनियरसाहेबांचा अभिलेखागारावर डोळा पडला. चांगली ऐसपैस, हवेशीर खोली, मोठाल्या खिडक्या. तिथे जुने कागद कशाला? कागद न्या मुख्य इमारतीच्या तळघरात आणि इथे करा पाहुण्यांसाठी सुरेख दिवाणखाना! "तळघर एकदम कोरडं आहे," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. "कपडे वाळत घाला हवं तर!"

दप्तरबाईंची झोप उडाली. ओल लागली की कागद गेला, आणि गेलेला कागद पुन्हा लिहून घ्यायला माणसं कुठे उरलीत? त्यांनी कुलगुरूंना गळ घातली की निर्णय घ्यायच्या आधी एकदा येऊन बघा तरी. कुलगुरूंनी गुरुवार दिला. बाईंनी ठरवलं, त्यांना विद्यापीठाचा पहिलावहिला नकाशा दाखवायचा. कापडावर खळीनं चिकटवलेला, हातानं रंगवलेला, माणसाहून लांब. तो एकदा उलगडला की दगडालाही पाझर फुटेल अशी त्यांची खात्री होती.

अडचण एकच. नकाशाला कसर लागली होती. आता कसरीवर औषध मारलं तर रंग जातात. म्हणून अभिलेखागारात असं करतात, की वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची आणि कडक थंडीत ठेवायची. कीड मरते, कागद जगतो. बाईंकडे स्वतःचा फ्रीजर नव्हता. मागण्या करून करून थकल्या होत्या. म्हणून त्यांनी प्राणिशास्त्र विभागाच्या फ्रीजरमध्ये जागा उसनी घेतली होती.

आणि नेमका नकाशा बाहेर काढायच्या दिवशी सकाळी बाईंचा पाय मुरगळला. सरांनी दारातच काढून ठेवलेल्या बुटांना अडखळून त्या पडल्या. पायाला प्लास्टर!

"मी आहे ना!" सर म्हणाले. बुटांबद्दल जे काय वाटत होतं, ते त्यांना या तीन शब्दांत भरून काढायचं होतं. "मी आणतो नकाशा. मी बघतो सगळं. तू नुसती आराम कर."

बाईंपुढे दुसरा इलाज नव्हता.

"नीट ऐका. खालच्या कप्प्यात आहे. लांब गुंडाळी, काळं प्लास्टिक, वर माझी चिठ्ठी बांधलेली. खोलीत टेबलावर आणून ठेवा. आणि काही झालं तरी ती उघडायची नाही! गार वस्तूला उबदार हवा लागली की पाणी सुटतं, नकाशा भिजेल. गुरुवारपर्यंत तसाच पडून राहू द्या. मी आले की मीच उघडीन."

"नाही उघडत."

"तुम्ही उत्सुकतेनं उघडाल."

"अगं, देवाशपथ नाही उघडत!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं एकही म्हणणं सरांनी तंतोतंत पाळलं नव्हतं. पाळलं ते नेमकं हे!

सर प्राणिशास्त्र विभागात गेले. तिथल्या सापवाल्या मॅडम वर्गावर होत्या. सापांवर त्यांचं मोठं काम, म्हणून नाव पडलेलं. त्यांच्या मदतनिसानं फ्रीजर उघडून दिला आणि तो कामाला निघून गेला. खालच्या कप्प्यात लांब गुंडाळ्या होत्या दोन! दोन्ही काळ्या प्लास्टिकमध्ये, दोन्ही बर्फानं माखलेल्या. चिठ्ठ्या होत्या, पण त्या कप्प्याच्या बर्फात घट्ट रुतल्या होत्या, अक्षरही दिसत नव्हतं. सरांनी गुंडाळ्या ओढल्या तशा चिठ्ठ्या तुटून तिथेच राहिल्या.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण सर व्यवस्थापनशास्त्राचे! झटपट निर्णय घ्यावा कसा, यावर त्यांची व्याख्यानं व्हायची. त्यांनी दोन्ही गुंडाळ्या हातात तोलून पाहिल्या. एक हलकी होती, एक चांगलीच जड.

"अख्ख्या विद्यापीठाचा इतिहास आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "वजन असणारच!"

आणि जड गुंडाळी घेऊन ते निघाले.

अभिलेखागाराचे शिपाईमामा बाईंच्या हाताखाली मुरलेले. त्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवायला हात लावला आणि थबकले. "सर, चिठ्ठी कुठाय? बाई चिठ्ठीशिवाय काही आत घेत नाहीत."

"अहो मामा, चिठ्ठीला काय करायचंय? नकाशा उघडला की तो स्वतःच सांगेल ना, मी नकाशा आहे म्हणून!"

पहिल्या दिवशी गुंडाळी गप्प पडून होती. दुसऱ्या दिवशी ती बोलू लागली. आधी हळूच, मग दुपारपासून मोठ्यानं.

"सर," मामा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "नकाशाला वास येतोय."

"येणारच! जुन्या कागदाला वास असतोच. त्यात ती खळ. आंबली असेल."

"मी इथे जन्म काढला सर. कागदाचा वास असा नसतो. हा वास म्हणजे..."

"मामा, घाबरू नका. इतिहास जिवंत होतोय!"

घरून बाईंचा फोन आला. "सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम!"

"उघडलं नाहीत ना?"

"हातसुद्धा लावला नाही!"

वासाचं सांगावं असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर 'बघा, एवढंही जमलं नाही' असं झालं असतं. आधीच ते बूट मनात रुतून बसले होते. सरांनी फोन ठेवला आणि बाजारातून सुगंधी फवारा आणला. गुलाबाचा. तो अख्खा मारल्यावर खोलीत असा वास सुटला, की जणू गुलाबाच्या बागेत कुणीतरी मरून पडलंय! शेजारच्या परीक्षा विभागानं खिडक्या बंद करून घेतल्या.

गुरुवार उजाडला. आरोग्यकेंद्रातून चाकांची खुर्ची मागवून मामा बाईंना आणायला गेले. आणि कुलगुरू ठरल्या वेळेच्या आधीच हजर! सोबत इंजिनियरसाहेब. त्यांनी दारात पाऊल टाकलं, एक श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला.

"पाहिलंत साहेब? काय कुबट झालीय खोली! मी म्हणतच होतो."

बायकोची खोली हातातून निघाली, आणि निघाली ती आपल्यामुळे! सर घाईघाईनं पुढे झाले. "साहेब, हा कुबट वास नाही. हा या विद्यापीठाच्या पहिल्या नकाशाचा वास आहे! बाई येतीलच, त्या आल्या की..."

पण कुलगुरूंना बैठकीला जायचं होतं. रुमालाच्या आडून ते म्हणाले, "दाखवा लवकर." सर काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच दोरी सोडली, प्लास्टिक बाजूला केलं आणि गुंडाळीला जरासा धक्का दिला. ती टेबलभर सरसर उलगडत गेली.

कुलगुरूंनी चष्मा वर केला. त्यांची नजर अधू, पण मन रसिक.

"वा! काय सुरेख काम आहे! हे पिवळसर पट्टे म्हणजे रस्ते का?"

सरांना काहीतरी गडबड आहे हे कळलं होतं. पण तोंड सवयीनं चालूच राहिलं. "हो हो! रस्ते. आणि हे तपकिरी चौकोन म्हणजे इमारती."

"एवढ्या इमारती होत्या तेव्हा?"

"योजना मोठी होती साहेब!"

"आणि ही कडेची निमुळती जागा?"

"ते... ते वसतिगृह असावं. मुलींचं."

कुलगुरूंनी प्रेमानं इमारतींवरून बोट फिरवलं. मग बोट थांबलं.

"सर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "वसतिगृहाला खवले का आहेत?"

पुढचं सगळं एकदम झालं. कुलगुरू खुर्चीवर चढले. इंजिनियरसाहेब "साप! साप!" म्हणून कपाटामागे गेले आणि तिथूनच ओरडले, "पाहिलंत साहेब? या खोलीत अजगर निघतात! आजच्या आज सगळं तळघरात हलवा!" आणि दारातून मामांनी ढकललेली चाकांची खुर्ची आत आली.

दप्तरबाईंनी एक नजर टेबलावर टाकली, एक नवऱ्यावर. सरांना वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. पण बाई ओरडल्या नाहीत. एवढ्या गोंधळात, कुलगुरू खुर्चीवर उभे असताना, त्यांनी रोजच्याच आवाजात विचारलं,

"हे कुठून आलं?"

"प्राणिशास्त्राच्या फ्रीजरमधून," सर पुटपुटले.

"ते दिसतंय. त्याच्या आधी कुठून आलं?"

तेवढ्यात सापवाल्या मॅडम धापा टाकत आत शिरल्या. "इथे आहे होय! अहो, आज हे सोललेलं कातडं कमवायला घेणार होते मी. फ्रीजर उघडला तर चिठ्ठी आहे आणि अजगर नाही! मदतनीस म्हणाला, सर येऊन गेले."

"मॅडम," बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "हा अजगर कुठून आला?"

"कुठून म्हणजे? आपल्याच तळघरातून! मुख्य इमारतीच्या! पाणी उपसायच्या पंपात अडकून मेला बिचारा. बरोबर आहे ना, गुडघाभर पाणी, बेडूकच बेडूक, अजगराला आणखी काय हवं? यांच्याच माणसांनी तर आणून दिला." आणि त्यांनी कपाटामागे बोट दाखवलं.

कुलगुरू सावकाश खुर्चीवरून उतरले. आता त्यांना वासाचंही भान नव्हतं.

"इंजिनियरसाहेब, बाहेर या. कपडे कुठे वाळत घालायचे म्हणालात?"

"साहेब, ते... पावसाळ्यातच फक्त..."

"पंप कशाला बसवलाय?"

कुलगुरू बाईंकडे वळले. "बाई, तुमचे कागद इथून हलणार नाहीत. आणि तुम्हाला फ्रीजर मिळेल. स्वतःचा." दारापर्यंत जाऊन ते पुन्हा मागे वळले. "खरा नकाशा केव्हा दाखवता?"

"अजून गारठलेला असेल. आज काढला की दोन दिवसांनी. त्याच्या आधी तुम्ही म्हणालात तरी उघडणार नाही."

"मी म्हणतच नाही!" कुलगुरूंनी दोन्ही हात वर केले.

दोन दिवसांनी बाईंनी खरा नकाशा उलगडला. प्लास्टरचा पाय स्टुलावर, हात नकाशावर. एकेक वेढा त्या असा सोडवत होत्या, की कापडाला कळूही नये. निळ्या रेघेचं तळं, कुणीतरी हौसेनं रंगवलेली झाडं, एकेका झाडाची सावलीसुद्धा! कुलगुरू बघतच राहिले. सर मागे उभे होते. पण ते नकाशा बघत नव्हते, बायकोचे हात बघत होते. 'त्यात काय एवढं' असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो याची त्यांना लाज वाटली, आणि ही आपली बायको आहे याचा अभिमानही वाटला.

घरी आल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "पण एक कबूल कर. तुझा शब्द मी पाळला! गुंडाळी एकदाही उघडली नाही!"

"ते खरं," बाई म्हणाल्या. "पण एवढा वास येत होता, मला सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, इतिहासाचा वास असाच असतो."

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की प्लास्टरमधला पाय दुखायला लागला.

तेव्हापासून सरांचे बूट दारात नसतात. संध्याकाळी भाजी घेऊन आले की ते उंबऱ्यातच उभे राहतात, आणि बाईंनी विचारायच्या आत सांगून टाकतात,

"कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. दुकानदारानं स्वतःच्या हातानं दिली. पिशवी आपलीच आहे. उघडू का?"